संयुक्त प्रार्थनासभेच्या आधीचं एक वर्ष

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही बेलफास्टला येऊन तीन वर्षं झाली, हॉस्पिटलात नोकरी, रविवारी घराजवळच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चला जाता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरात बाहेरून आलेल्यांची दुकानं जाळली गेली, त्यानंतर तुमच्या पाळकांच्या मनात आलं की आपल्या मंडळीने आणि दोन वस्त्या वेगळ्या ठेवणाऱ्या भिंतीपलीकडच्या कॅथलिक पॅरिशने मिळून एक संयुक्त प्रार्थनासभा घ्यावी. त्या कमिटीत तुम्हाला घेतलंय, कारण तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला दोन्हीकडे बोलता येईल असं त्यांना वाटतं. आणि मंडळीतली म्हातारी माणसं गप्प आहेत, विरोध कोणी करत नाही पण हो पण कोणी म्हणत नाही. तुम्ही विचारलंय की सुरुवात कुठून करायची आणि असल्या कामाचा खरंच काही उपयोग असतो का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते. हो, असतो. मी मूळची नगरची, इथे आले २००५ च्या सप्टेंबरात, आणि आधी युथ वर्कर म्हणून आणि नंतर चर्चच्या गटांच्या बैठका चालवणारी म्हणून तेव्हापासून हेच करतेय. मी आले त्याच महिन्यात, २६ तारखेला, आयआरएने, म्हणजे आयर्लंड एक करण्यासाठी लढणाऱ्या कॅथलिक बाजूच्या सशस्त्र संघटनेने, आपली सगळी हत्यारं निकामी केल्याचं जाहीर झालं. हत्यारांची खात्री करणाऱ्या जनरल डी शास्टलेन यांच्या कमिशनचा रिपोर्ट होताच, पण ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला दोन साक्षीदार नेले होते आणि दोघंही चर्चचे, एक मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, रेव्हरंड हॅरल्ड गुड आणि दुसरे कॅथलिक फादर अ‍ॅलेक रीड. मी भाड्याच्या खोलीत बसून टीव्हीवर ते बघत होते आणि मला कळेना की बंदुका मोजायला पाळक का लागतात. आता कळतं. कागदावर विश्वास नसलेल्या दोन समाजांना प्रत्येकी एक तरी माणूस असा हवा होता ज्याने कधी आपल्याशी खोटं बोललेलं नाही, आणि तो विश्वास त्या दोघांनी दहावीस वर्षं कोणाला न दिसणारं काम करून कमावलेला होता.

पण तुमच्या पाळकांनी ठरवलेल्या सभेचा उपयोग होईल का असं विचाराल तर मला वाटतं की नाही होणार, निदान आत्ता नाही. आणि त्याचं कारण त्या गप्प बसलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहे, म्हणून सभा कशी घ्यायची याच्या आधी ती माणसं गप्प का आहेत हे शोधणं हाच तुमचा खरा प्रश्न आहे असं मी धरते.

बघा, उत्तर आयर्लंडची लोकसंख्या १९ लाख, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याएवढी. एवढ्याशा जागेत, ब्रिटनबरोबरच राहू म्हणणारे युनियनिस्ट, बहुतेक प्रॉटेस्टंट, आणि आयर्लंड एक करा म्हणणारे, बहुतेक कॅथलिक, यांच्या भांडणात १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तीस वर्षांत ३,५०० च्या वर माणसं मारली गेली. म्हणजे कुठल्याही चर्चच्या बाकांवर नजर फिरवली तर कोणाचा भाऊ, कोणाचा नवरा, कोणाच्या शाळेतला मित्र गेलेला असतोच, आणि बऱ्याचदा मारणारा कोण हे पण अंदाजाने माहीत असतं, तो किंवा त्याची माणसं त्याच सुपरमार्केटमध्ये दिसतात. अशा ठिकाणी माणसं गप्प राहायला शिकतात. नाव सांगितलं की बाजू कळते, शाळा सांगितली की कळते, इंग्रजीतलं 'एच' अक्षर कोणी 'एच' म्हणतो आणि कोणी 'हेच' म्हणतो त्यावरून पण कळते. शहराला डेरी म्हणायचं की लंडनडेरी इथपासून सगळं जपून. आपण बाहेरचे लोक ती शांतता बघतो आणि समजतो की यांना काही वाटत नाही किंवा हे कट्टर आहेत, आणि दोन्ही अंदाज चुकतात.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. या भांडणात चर्च म्हणजे मधे बसलेला पंच नव्हे, चर्च स्वतः एक बाजू आहे. तुमच्या पाळकांना हे ऐकायला आवडणार नाही पण दोन्हीकडच्या लोकांना ते पक्कं ठाऊक असतं. १९१२ च्या २८ सप्टेंबरला अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांतातल्या, प्रॉटेस्टंट लोकांनी आयरिश स्वराज्याच्या विरोधात जो करार केला, त्या दिवशी आधी चर्चमध्ये उपासना झाली आणि मग सह्या झाल्या, पुरुषांच्या आणि बायकांच्या मिळून पावणेपाच लाखांच्या आसपास. तुमच्या चर्चच्या भिंतीवरच्या पाट्या एकदा नीट वाचा, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं असतील, कदाचित पोलिसात असताना मारल्या गेलेल्यांची पण असतील, कोपऱ्यात रेजिमेंटचा जुना झेंडा असेल. तुमच्या मंडळीला ती आपली माणसं, आपलं दुःख. पलीकडचा माणूस त्या दारातून आत आला की पहिल्यांदा त्याला तेच दिसतं आणि त्याला आठवतं की याच युनिफॉर्मने माझ्या घराचं दार फोडलं होतं. तिकडच्या पॅरिशचंही तसंच, तिथूनही रिपब्लिकन, म्हणजे आयआरएच्या बाजूच्या, लोकांच्या अंत्ययात्रा निघालेल्या आहेत आणि इकडच्यांनी त्या टीव्हीवर पाहिलेल्या आहेत. शाळा तर आजही बहुतांश वेगळ्याच, १९८१ मध्ये लॅगन कॉलेज २८ मुलांवर सुरू झालं ती पहिली ठरवून एकत्र केलेली शाळा, आणि आजही बहुतेक मुलं आपापल्या बाजूच्या शाळेत जातात, आणि त्यात चर्चचा हात मोठा आहे.

मग पाळकांच्या हातात काय उरतं? उरतं, आणि पुष्कळ उरतं. पंचाला दोन्हीकडे थोडाथोडा मान असतो, पण बाजूच्या माणसाला आपल्या बाजूत पूर्ण मान असतो. तुमचे पाळक कॅथलिक लोकांना काहीही सांगू शकत नाहीत, पण स्वतःच्या मंडळीला ते असं काही सांगू शकतात जे दुसऱ्या कोणी सांगितलं तर लोक उठून जातील. चर्चची ताकद आपल्याच माणसांवर चालते, तर ती तिथेच वापरायची. माझी एवढ्या वर्षांची सगळी समजूत काढली तर एवढीच निघते.

इथे एक शब्दाची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण आपण दोघी मराठीत विचार करणाऱ्या. आपल्या पवित्र शास्त्रात 'समेटाची सेवा' असा शब्द आहे, लहानपणापासून उपदेशात ऐकलेला. पण आमच्या गावाकडे समेट म्हणजे काय होतं, तर बांधावरून मारामारी झाली की पोलीस पाटील, सरपंच बसायचे आणि ज्याच्या पाठीशी कमी माणसं तो तक्रार मागे घ्यायचा, मग चहा व्हायचा आणि समेट झाला म्हणायचे. ज्याचं डोकं फुटलं तो घरी जाऊन गप्प. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही जातीचा जुना हिशोब आहे, रविवारी सगळे एका प्रभुभोजनाला आणि मुलामुलीचं लग्न ठरायची वेळ आली की हळूच विचारणार, ते मूळचे कोणते. त्यावर कधी कोणी समेटाची सभा घेतलेली मला आठवत नाही, कारण सगळ्यांच्या मते भांडण नव्हतंच. बेलफास्टमधल्या लोकांना 'रीकन्सिलिएशन' शब्द ऐकून जे वाटतं ते मला यामुळे समजलं. ज्याने सोसलंय त्याला तो शब्द असा ऐकू येतो की आता तू तुझं म्हणणं गिळ आणि फोटोसाठी उभा राहा.

माझी स्वतःची चूक सांगते. इथे येऊन तीनेक वर्षं झाली होती, उत्साह खूप. एका चर्चच्या हॉलमध्ये आम्ही अशीच संध्याकाळ ठेवली, दोन्हीकडचे मिळून साठेक लोक, गाणी, दोन्ही पाळकांचं छोटं भाषण, शेवटी मी सुचवलेलं की सगळ्यांनी शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचा हात धरून क्षमेची प्रार्थना म्हणायची. तिसऱ्या रांगेतल्या एक साठीच्या बाई उठल्या, पर्स घेतली आणि गेल्या, काही बोलल्या नाहीत. नंतर कळलं की त्यांचा भाऊ पोलिसात होता, १९८० च्या दशकात गाडीखालच्या बॉम्बने गेला, आणि त्या दिवशी हात पुढे करणारा माणूस ज्या भागातून आला होता तिथेच ते सगळं ठरलं असं त्यांच्या घरात पक्कं मानलं जात होतं. तो माणूस बिचारा भला होता, त्याचा काही संबंध नव्हता. पण मी त्या बाईंना न विचारता त्यांच्याकडून सगळ्यांसमोर क्षमा वसूल करायला निघाले होते. त्या परत त्या चर्चला आल्या नाहीत. चाळीस वर्षं जात असलेलं चर्च त्यांनी माझ्या एका कार्यक्रमामुळे सोडलं, आणि मी त्यांच्या घरी माफी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला चहा दिला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ती भेट मी विसरलेली नाही, आणि तेव्हापासून क्षमा हा शब्द मी स्वतःहून बैठकीत आणत नाही.

क्षमेबद्दल सगळे एनिस्किलनचं उदाहरण देतात, तुमच्या कमिटीतही निघेल. १९८७ च्या ८ नोव्हेंबरला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी, आयआरएच्या बॉम्बने ११ माणसं गेली, बारावे गृहस्थ १३ वर्षं कोमात राहून गेले. गॉर्डन विल्सन यांची नर्स असलेली मुलगी मरी ढिगाऱ्याखाली त्यांचा हात धरून होती आणि गेली, आणि त्याच दिवशी ते टीव्हीवर म्हणाले की माझ्या मनात कोणाबद्दल वाईट भावना नाही, मी त्या लोकांसाठी प्रार्थना करीन. फार मोठा माणूस, पुढे आयआरएच्या लोकांना जाऊन भेटला पण. पण त्याच स्फोटात माणसं गमावलेल्या प्रत्येक घराला तसंच वाटत नव्हतं, आणि त्यांना वर्षानुवर्षं हे ऐकावं लागलं की बघा, विल्सन यांनी कसं केलं. एकाने स्वतःहून दिलेली गोष्ट दुसऱ्याकडून मागायचं माप झाली. कमिटीत कोणी हे उदाहरण काढलं तर एवढं जरूर सांगा.

मग करायचं काय. पहिले सहा-सात महिने पलीकडे कोणाला बोलवूच नका, आपल्याच लोकांबरोबर बसा. इथे या कामाला 'सिंगल आयडेंटिटी वर्क' म्हणतात, काही लोक त्यावर टीका करतात की आपापसातच बसून रडगाणं होतं, आणि नीट चालवलं नाही तर ते खरंच होतं. पण हे टाळून कुठलीही मंडळी पुढे गेलेली मी पाहिली नाही. कारण सोपं आहे, ज्याचं दुःख घरच्याच माणसांनी कधी ऐकलं नाही तो परक्याचं कसं ऐकेल. आठ-दहा जण, पंधरा दिवसांतून एकदा, दीड तास. प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची, वीस मिनिटं, मधे कोणी प्रश्न विचारायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, वचन वाचून समारोप करायचा नाही. शेवटच्या दोनतीन बैठकांमध्ये एक प्रश्न ठेवायचा, आपल्या बाजूने असं काय केलं की ज्याबद्दल आपण एकमेकांतही बोलत नाही. हा प्रश्न पाळकांनीच विचारायला हवा, तुम्ही नाही आणि मी तर नाहीच. मी वर ताकद म्हणाले ती इथे वापरायची.

आणि पाळक मंडळीच्या फार पुढे जाऊ नयेत. लिमावडी नावाच्या गावात १९८० च्या दशकात रेव्हरंड डेव्हिड आर्मस्ट्राँग यांनी नाताळाला रस्त्यापलीकडच्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन शुभेच्छा दिल्या, बस एवढंच, हस्तांदोलन आणि शुभेच्छा. धमक्या आल्या, स्वतःच्याच मंडळीतल्या लोकांनी जगणं अवघड केलं, आणि १९८५ मध्ये त्यांना बायकापोरांसह गाव सोडून इंग्लंडला जावं लागलं. त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये पाळक एकटे काही नसतात, सेशन म्हणजे वडीलमंडळ असतं, आणि त्या वडिलांपैकी निदान दोघंतिघं मनापासून बरोबर नसतील तर पाळक एकटे पडतात आणि सगळं काम त्यांच्या बदलीबरोबर संपतं. तेव्हा तुमच्या पाळकांना पहिला प्रश्न हा विचारा की सेशनमध्ये बरोबर कोण आहे, आणि नावं सांगता आली नाहीत तर अजून वेळ झालेली नाही असं समजा.

दुसरं, आवाज कमी ठेवा. फादर रीड यांचंच घ्या. बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातला हा माणूस १९८० च्या दशकात जेरी अ‍ॅडम्स (आयआरएच्या बाजूच्या शिन फेन पक्षाचे नेते) आणि जॉन ह्यूम (हिंसेच्या विरोधातल्या कॅथलिक बाजूच्या पक्षाचे नेते) यांच्यात निरोप नेत होता, कोणाला पत्ता नव्हता. १९८८ च्या १९ मार्चला अंत्ययात्रेत शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या, त्यांना वाचवायचा प्रयत्न रीड यांनी केला, आणि मग त्यांच्याजवळ गुडघे टेकून शेवटची प्रार्थना म्हटली, तो फोटो जगभर गेला. त्या वेळी त्यांच्या खिशात शिन फेनकडून ह्यूमसाठीचं पाकीट होतं, त्याला रक्त लागलं, त्यांनी पाकीट बदललं आणि कागद त्याच दिवशी पोचवला. असा माणूस. आणि आता दुसरी बाजू ऐका. हत्यारांची साक्ष देऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, २००५ च्या ऑक्टोबरात फिट्झरॉय प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जाहीर सभा होती, प्रश्नोत्तरं तापली, आणि फादर रीड भडकून बोलून गेले की युनियनिस्टांनी कॅथलिकांना नाझींनी ज्यूंना वागवलं तसं वागवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली पण मथळे छापून झाले होते. मी त्या सभेला नव्हते, नुकती आले होते, पण त्यानंतरचे महिनाभर प्रत्येक चहाच्या टेबलावर तेच ऐकलं. वीस वर्षं खोलीत बसून जी जीभ कधी घसरली नाही ती माईक आणि गर्दी समोर आल्यावर एका संध्याकाळी घसरली, कारण तोही एका बाजूचाच होता, त्याच्याही आत ते सगळं साठलेलं होतं. गंमत नव्हे पण लक्षात घेण्यासारखं आहे की त्याच फिट्झरॉय चर्चची आणि क्लोनार्ड मठाची १९८१ पासून छोट्या गटाची मैत्री होती, रेव्हरंड केन न्यूवेल आणि पुढे फादर जेरी रेनल्ड्स यांनी सांभाळलेली, घराघरांत बसून बायबल वाचणं, एकमेकांच्या मयतीला जाणं, आणि ती मैत्री त्या संध्याकाळमुळे मोडली नाही. मोठ्या सभेने बिघडवलेलं छोट्या गटाने झेललं.

तर पलीकडच्यांना भेटायची वेळ येईल तेव्हा तिकडचे तीन आणि इकडचे तीन, आणि शक्यतो कोणाच्या तरी स्वयंपाकघरात. चर्चचा हॉल नको, वर सांगितलेल्या पाट्या-झेंड्यांमुळे. पहिल्या दोन भेटींत विषय काढूच नका, नातवंडं, गुडघेदुखी, जीपीची (फॅमिली डॉक्टरची) अपॉइंटमेंट मिळत नाही, हे पुरतं. तारखा बघून ठेवा, हे नवीन लोक हमखास चुकतात. जुलैत काही ठेवू नका, ११ च्या रात्री होळ्या आणि १२ ला प्रॉटेस्टंट लोकांच्या ऑरेंज मिरवणुका, तो अख्खा महिना तणावाचा. ९ ऑगस्ट म्हणजे १९७१ मध्ये विनाचौकशी तुरुंगात टाकायला सुरुवात झाली तो दिवस. ईस्टरला रिपब्लिकन लोक १९१६ च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावाची आठवण करतात. ३० जानेवारी डेरीच्या ब्लडी संडेचा, १९७२ मध्ये ब्रिटिश सैनिकांनी मोर्चातल्या लोकांवर गोळ्या झाडल्या तो. नोव्हेंबरात कोटावर लाल पॉपी, म्हणजे युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचं फूल, लावायचं की नाही यावरून नोकऱ्यांच्या ठिकाणीसुद्धा कुरबुर होते, तुमच्या वॉर्डमध्ये पाहिलं असेल. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर आणि मग फेब्रुवारी ते मार्च हा काळ मला बरा वाटतो.

एक कायद्याची गोष्ट, यात मी कोणालाही सूट देत नाही. लोक बोलायला लागले की कधीतरी कोणीतरी असं काही बोलून जातं की अमुक केलं ते अमक्याने. उत्तर आयर्लंडमध्ये १९६७ च्या क्रिमिनल लॉ अ‍ॅक्टच्या पाचव्या कलमाप्रमाणे गंभीर गुन्ह्याची माहिती असून पोलिसांना न सांगणं हा स्वतःच गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगायचं की इथे स्वतःवर काय बेतलं ते सांगा, दुसऱ्यांची नावं आणि कोणी काय केलं ते इथे आणू नका, इथलं बाहेर जाणार नाही पण आम्हाला सगळंच लपवता येणार नाही. हे म्हटलं की काही जण उठून जातात. जाऊ दे. आधी खोटं आश्वासन देऊन नंतर मोडण्यापेक्षा हे बरं.

आणि बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. माझ्या मते बैठकीपेक्षा तो फोन मोठा. माणूस रात्री मोकळं बोलतो आणि सकाळी उठून त्याला वाटतं की हे मी काय बोलून बसलो, आता सगळे माझ्याबद्दल काय म्हणतील. त्या वेळी कोणी तरी विचारायला हवं की झोप लागली का. माझ्या वहीत दर बैठकीनंतर कोणाला फोन करायचा याची यादी असते, आणि ज्या वेळी मी थकून तो टाळला त्या वेळीच माणसं गळाली.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमचं चर्च भिंतीला लागून आहे की दोन मैल आत हिरव्यागार वस्तीत, याने फार फरक पडतो. हिरव्या वस्तीतल्या मंडळ्यांना असे कार्यक्रम आवडतात, दोन्हीकडचे प्राध्यापक-डॉक्टर छान भेटतात, पण रात्री गेट बंद होतं ते त्यांच्या गल्लीत नाही. सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं की २०२३ पर्यंत या सगळ्या भिंती पाडू, त्या अजून उभ्या आहेत, आणि भिंतीला लागून राहणाऱ्या बऱ्याच जणांना त्या नको असतात असंही नाही, त्यांना रात्री झोप हवी असते. तुमच्या भागात जुन्या सशस्त्र संघटनांचा वचक अजून आहे का हेही बघायला लागेल, असेल तर तुमच्या पाळकांनी आधी त्या भागात वर्षानुवर्षं युथ वर्क केलेल्या कोणाला तरी विचारल्याशिवाय एकही पाऊल टाकू नये. १९९४ च्या लॉयलिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट बाजूच्या सशस्त्र संघटनांच्या, शस्त्रबंदीमागे रेव्हरंड रॉय मगी यांच्यासारख्या माणसाची अशा लोकांशी वर्षानुवर्षांची बोलणी होती, ते काम अनुभव नसलेल्याने करायचं नाही. आणि एक गोष्ट मान्य करायलाच हवी, की ज्या पोरांनी २०२४ मध्ये दगड मारले ती बहुतेक कुठल्याच चर्चला जात नाहीत. २०२१ च्या जनगणनेत १७ टक्क्यांच्या वर लोकांनी कुठलाच धर्म नाही म्हटलंय. त्यांच्यापर्यंत प्रार्थनासभा पोचणार नाही, आजी पोचेल, कारण आजी अजून तुमच्या बाकावर बसते. माझ्या दृष्टीने त्या गप्प बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना महत्त्व आहे ते यासाठीही, घरात नातवंडांसमोर कुठली गोष्ट कशी सांगितली जाते ते त्यांच्या हातात आहे.

राहिला प्रश्न तुमचा स्वतःचा, बाहेरच्या म्हणून. याचा फायदा आहे. तुम्ही अज्ञानाने एखादा साधा प्रश्न विचारू शकता, "तुमच्या घरी तेव्हा काय झालं होतं", आणि लोक उत्तर देतील, कारण तुमच्यापासून लपवण्यासारखं त्यांना काही वाटत नाही. मला सगळ्यात जास्त गोष्टी अशाच कळल्या. पण दोन गोष्टी जपा. एक, दोन्हीकडचे लोक तुम्हाला आपल्या बाजूने साक्षीदार करू बघतील, तेव्हा इंडियात पण ब्रिटिशांनी हेच केलं ना असं कॅथलिक बाजूचं कोणी म्हणेल आणि मिशनरी आमचेच होते ना असं इकडचं कोणी म्हणेल, त्यात पडू नका. दुसरं, आणि हे मला मनापासून सांगायचंय, तुम्ही आता फक्त बाहेरच्या नाही आहात. ऑगस्टच्या त्या आठवड्यात तुम्ही ड्यूटीवरून घरी जायला घाबरलात असं तुम्ही प्रश्नात एका ओळीत लिहून पुढे गेलात. ती ओळ तुमच्या मंडळीने ऐकायला हवी. त्या आपल्या लोकांच्या बैठकीत तुमचीही वीस मिनिटं ठेवायला सांगा, आणि त्या वेळी तुम्ही मदतनीस म्हणून नाही तर घाबरलेली माणूस म्हणून बोला. मी हे फार उशिरा केलं, पहिली दहा वर्षं मी फक्त दुसऱ्यांची दुःखं सांभाळत होते. आणि नकार द्यायचा हक्क तुम्हाला आहे, बारा तासांच्या शिफ्टनंतर हे काम करवत नसेल तर तसं सांगून कमिटीतून बाहेर पडा, देव आणि पाळक दोघंही समजून घेतील.

थोडक्यात, पाळकांना सांगा की सभा रद्द करायची नाही, एक वर्ष पुढे ढकलायची. आधी सेशनमधली दोनतीन नावं, मग आपल्याच आठ-दहा जणांच्या बैठका, मग तिकडच्या तिघांशी ओळख. वर्षाने दोन्हीकडचे ते सहा-सात जण स्वतःच म्हणतील की आता एकत्र प्रार्थना करूया का, आणि ते म्हणाले नाहीत तर सभा घेऊ नका.

आणि या आठवड्यात एवढंच करा. त्या गप्प लोकांपैकी ज्या आजींशी तुमचं जरा बरं जमतं त्यांच्याकडे एक दुपार जा, सभेचा विषय काढू नका, फक्त विचारा की हे चर्च तुम्ही लहान असताना कसं होतं. इथे रिकाम्या हाताने कोणाकडे जात नाहीत, ट्रेबेक, म्हणजे ट्रेमध्ये करून तुकडे पाडलेला गोड पदार्थ, घेऊन जा, दुकानातला नको, घरी करा, आणि जमला नाही तर बेसनाचे लाडू न्या, मी दरवेळी तेच नेते आणि अजून कोणी नको म्हटलेलं नाही.